जांभळ्या कापडाखाली

उजवा हात

कापड आधी डोक्याकडून सुटलं आणि पुढच्या बाकांवरच्या बायकांनी माना लांब केल्या.

मिशनवाडीत हे दर वर्षी असंच होतं. उपवासकाळ संपत आला की देवळातला लाकडी येशू क्रूसासकट जांभळ्या कापडात बांधून ठेवतात. दोन आठवडे लोक त्या जांभळ्या आकारापुढं गुडघे टेकतात. मग उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी फादर ते कापड थांबत थांबत सोडतात. आधी डोकं. मग उजवा हात. मग सगळा देह. मुखेडच्या अलीकडं, माळावर, पत्र्याच्या देवळाभोवती वसलेली ही लहानशी वस्ती. तिला बघायला एवढाच एक चेहरा होता, आणि दोन आठवडे तो न बघितल्यामुळं त्या दुपारी सगळ्यांनाच त्याची भूक लागलेली असायची.

डोक्याकडचं कापड सरकलं तेव्हा फादर तुस्कानोंना आत आणखी एक कापड दिसलं. पांढरं. त्यांनी उजवा हात मोकळा केला. तिथंही पांढरं. मग थांबायचं विसरून त्यांनी उरलेलं सगळं एका हिसक्यात ओढलं.

क्रूस होता. क्रूसावर येशू नव्हता.

त्याच्या जागी तुराट्यांची मोळी बांधलेली होती. पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना हात पसरलेली, मान उजवीकडं कललेली.

कुणी ओरडलं नाही. भीती वाटायलासुद्धा थोडा अवधी लागतो. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून तारामतीचा आवाज आला, "आत्या! अवो आत्या, हात!"

सगळ्या माना मागं वळल्या. तारामतीची सासू गंगम्मा भिंतीला टेकून उभी होती. वस्ती तिला अव्वा म्हणायची. तिनं पदराखालून हात बाहेर काढले होते आणि ती त्यांच्याकडं अशी बघत होती, जणू कुणी परक्यानं आपले हात तिच्याजवळ सांभाळायला दिलेत. दोन्ही तळव्यांतून रक्त येत होतं. ते मनगटावरून उतरून फरशीवर टपकत होतं.

"अव्वा, दुखतंय का गं?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"न्हाई," गंगम्मा म्हणाली. "कायच दुखत न्हाई."

देवळाची व्यवस्था बघणारे मिशन मास्तर सिद्रामप्पा वेदीजवळ उभे होते. शुक्रवारी घंटा वाजवत नाहीत, लाकडी टकटकी वाजवतात. ती त्यांच्या हातातून खाली पडली. ते गुडघ्यांवर कोसळले, पण क्रूसाकडं पाठ करून, गंगम्माकडं तोंड करून.

आणि पुरुषांच्या बाजूनं एक म्हातारा हळूच म्हणाला, "उतरला. उतरला बगा. अव्वाच्या हातात गेला."


डावा हात

"फादर, तुमच्या लोकांत डॉक्टर नाही का एखादा?"

"आहे की. त्यानं हो म्हटलं तर जग म्हणेल, त्यांचाच माणूस. नाही म्हटलं तर वाडी म्हणेल, विकला गेला. हुस्नाबाई, तुम्हाला ह्यात काही जिंकायचं नाही, म्हणून आलो."

शनिवारची सकाळ होती. डॉक्टर हुस्नाचा दवाखाना मुखेडच्या बाजारगल्लीत, तिच्या वडिलांच्या, लालमहंमद चुडीवाल्यांच्या दुकानाच्या वर. खाली बांगड्यांची किणकिण, वर खोकला. वसईहून दोन वर्षांपूर्वी आलेले फादर तुस्कानो जिन्यातच उभे राहून बोलत होते.

"आमच्यात शेकडो वर्षांपासून अशी माणसं झाली म्हणतात," ते म्हणाले. "प्रभूच्या पाच जखमा. दोन हात, दोन पाय आणि कूस. त्या कुणा भक्ताच्या अंगावर आपोआप उमटतात. काही सोंगं निघाली. काहींपुढं चर्च अजून गप्प आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"भीती वाटते. सोंग निघालं तर वाडी तिला जगू देणार नाही. खरं निघालं तर जग वाडीला जगू देणार नाही."

ते पोचले तेव्हा गंगम्माच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ती लिंबाखाली बाजेवर बसली होती. सडपातळ, काळीसावळी, डोळे दूर लागलेले. नऊवारीचा ओचा तिनं पोटाशी घट्ट धरला होता. बायका लांबूनच तिला हात जोडत होत्या.

"अव्वा, हात दाखवता का मला?"

"बगा की. पर हात लावू नगा. माझे न्हाईत ते."

तिनं तळवे उघडले. मधोमध एकेक काळपट खड्डा, कडा सुजलेल्या. हुस्नानं वाकून बघितलं आणि तिची नजर तळव्यावरून मनगटाकडं सरकली. डाव्या मनगटापासून एक लाल रेघ, रांगोळीच्या बोटानं ओढावी तशी, कोपराच्या दिशेनं निघाली होती.

"अव्वा, विष चढून राहिलंय. आत्ता सुई घ्या, औषध चालू करा. धनुर्वाताची पण एक घ्यावी लागेल."

"त्यानं दिलेली जखम," गंगम्मा शांतपणे म्हणाली, "आन् तुमच्या सुईनं मोडून टाकू?"

"जीव जाईल, अव्वा."

"त्याचा न्हाई का गेला?"

आसपासच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ह्या उत्तरावर कुठल्या पुस्तकात औषध नव्हतं.

तारामती फाटकापर्यंत मागं आली. "बाई, चौघींनी धरू. तुम्ही टोचून टाका."

"तुझी सासू शुद्धीत हाय, शहाणी हाय. तिला धरून टोचणं मला जमायचं न्हाई."

"मग मरू द्यायचं?"

"न्हाई. ही जखम कशानं झाली ते मला कळू दे. हिला जर वाटून राहिलं असंल की हे आभाळातून आलं, तर ते जमिनीवरून आलंय हे दाखवावं लागंल. उद्याचा दिवस उजाडायच्या आत."

"आन् आभाळातूनच आलं असंल तर?"

हुस्नानं फाटकाची कडी काढली. खरं सांगायचं तर रक्ताच्या त्या दोन डागांपुढं उभी असताना तिच्याही अंगावर काटा आला होता, आणि तो अजून पुरता बसला नव्हता.


उजवा पाय

चोर वाडीला आधीच सापडला होता. त्याचं नाव शिवप्रसाद, राहणार लातूर. धंदा मूर्तींचा. सगळ्या देवांच्या मूर्ती, फायबरच्या, न फुटणाऱ्या. जोडीला जुनं लाकूड विकत घ्यायचं. दरवाजे, खांब, देव्हारे. फादरांनी त्याच्याकडं नवा येशू सांगितला होता, आणि तो जुना येशू बघून शिवप्रसादनं ओठांवरून जीभ फिरवलेली चार जणांनी बघितली होती.

तो त्याच दुपारी टेम्पो घेऊन हजर झाला. मागं गादीत गुंडाळलेला, गुलाबी गालांचा, नवाकोरा येशू.

"बुधवारी येणार होतास," फादर कडाडले.

"रेणापूरच्या पुढं टेम्पोचं एक्सल गेलं, फादर. देवाला घेऊन तीन रात्री गॅरेजात झोपलो. मेकॅनिक रोज अगरबत्ती लावायचा."

"जुना कुठाय?" हुस्नानं विचारलं.

"मला काय माहीत, मॅडम?"

"तुम्हाला तो हवा होता."

"होता. बघेपर्यंत." त्यानं एक बोट वर केलं. "मागच्या खेपेला मी त्याच्या कुशीला हे बोट लावलं. बोट आत गेलं, मॅडम. इतकं! आतून सगळी वाळवी. वरचा रंग तेवढा देव राहिला होता, बाकी भुसा. असला माल कोण चोरील? हात लावाल तिथं तुटंल." मग आवाज उतरवून म्हणाला, "आन् खरं सांगू? बोट बाहेर काढलं तवा मला लई वाईट वाटलं. मी त्याच्या कुशीत बोट घातलं असं काहीतरी."

मास्तर सिद्रामप्पा बाजूला उभे होते. वाळवीचं नाव निघताच त्यांनी फादरांकडं बघितलं. "मी दोन वर्षं सांगून राहिलो होतो. औषध मारा, तेल पाजा. तुम्ही म्हणायचे, नवा येणारच आहे."

फादरांनी मान खाली घातली.

हुस्ना देवळात गेली. क्रूस तसाच होता, तुराट्यांसकट. ती आडव्या फळीजवळ गेली. डाव्या टोकाला खिळ्याचं रिकामं भोक, उजव्या टोकालाही. तिनं बोट टेकवलं. भोक गोल नव्हतं. चौकोनी होतं. जुन्या काळी लोहार ऐरणीवर ठोकून करायचे, तसल्या जाड चौकोनी खिळ्यांचं. भोवतीचं लाकूड रव्यासारखं झडलं.

मग तिनं तुराट्यांचा देह नीट बघितला. आणि बराच वेळ बघत राहिली.

हाताची लांबी बरोबर घेतली होती. डावा गुडघा उजव्यावर किंचित चढलेला, तोसुद्धा वाकवला होता. गाठी एकसारख्या, आतल्या बाजूला लपवलेल्या. धडपा धुऊन, वाळवून, सुरकुती न पाडता गुंडाळलेला.

फादर मागं उभे होते. "कुणी केलं असेल हे?"

"ज्यानं केलं, त्याचं ह्या देहावर प्रेम होतं," हुस्ना म्हणाली. "तुमच्याकडं चोरी नाही झाली, फादर. मयत झालंय."


डावा पाय

काय म्हणून राहिले लोक?

– एसटी भरून भरून येऊन राहिल्या. कंडक्टर म्हणतो, मिशनवाडीचं तिकीट फाडायची सवयच नव्हती.

– माझ्या भावजयीनं सोताच्या डोळ्यानं बघितलं. क्रूसावरून एक पाय खाली टाकला आन् दुसरा पाय अव्वाच्या अंगात.

– भावजय तवा माहेरी होती न्हवं का?

– तुला काय करायचंय? बघितलं म्हंजे बघितलं.

– मी हिंदू माणूस, आपलं काय. पण दर्शन घेऊन आलो. रक्त कुणाचंबी खोटं बोलत न्हाई.

– ती चुडीवाल्याची पोरगी आलीय म्हणं तपासाला.

– हाव. लहानपणी मुर्दाड पालसुद्धा चिरून बघायची. ती सोडायची न्हाई.

असं सगळं चाललेलं असताना हुस्ना गंगम्माच्या चुलीपुढं बसली होती. घरातली गर्दी पांगवून तारामतीनं चहा ठेवला होता. भगुणं उकळून वर आलं. तारामती चिमटा शोधायला वळली, तोवर गंगम्मानं ओच्यावरचा एक हात काढून भगुण्याचा काठ धरला आणि ते उतरवून खाली ठेवलं.

नुसत्या हातानं. सावकाश.

"बघितलं का बाई?" तारामती कुजबुजली. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि अभिमानही. "चटका लागत न्हाई. देवाचे हात झाले."

हुस्नाच्या हातातला कप थांबला. गंगम्माच्या बोटांच्या टोकांवर जुने फोड होते, वाळलेले, एकावर एक. आणि चुलीच्या उजेडात, भगुणं उतरवताना वर झालेल्या तळव्यातली जखम तिला पहिल्यांदाच नीट दिसली. सकाळी फक्त खड्डा दिसला होता. आता त्याचा आकार दिसला.

चौकोनी.

"तारामती," हुस्ना हळूच म्हणाली, "चटका लागत न्हाई हे शुक्रवारपासून का?"

"छे वो. दिवाळीच्या आधीपासून. मी म्हणायची, आत्या, पोळलं की! तर म्हणायच्या, कुटं काय?"

दिवाळीपासून. म्हणजे जखमा नंतरच्या आणि न दुखणं आधीचं. सगळी वाडी उलट्या क्रमानं वाचत होती.

"आत्या काय काम करायच्या गं?"

"आता काय बी न्हाई. पर वाडीत कुणी गेलं तर अंघोळ आत्याच घालणार. माझ्या सासऱ्याला, लहान लेकराला, कुणालाबी. दुसऱ्या बायका हात लावायला भेतात. आत्या म्हणतात, शेवटची अंघोळ घाईत घालू नये."

भिंतीला टेकून गंगम्मा चहा पीत होती, एका हातानं. दुसरा हात ओच्यावर. ओचा जड होता. बायका ओच्यात पानाची चंची ठेवतात, चार नाणी ठेवतात, पण त्यानं लुगडं असं ओढलं जात नाही.

हुस्ना उठली ती थेट देवळाच्या मागं गेली. मास्तर सिद्रामप्पा पायरीवर बसले होते.

"मास्तर, मी पोलीस न्हाई. तुराट्या तुम्ही बांधल्या. हे कापड दर वर्षी तुम्हीच बांधता. कुठं फुगवटा पाहिजे, कुठं खळगी पाहिजे, दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?"



"तुटला, बाई. बांधायच्या आधी पुसायला खाली घेऊन राहिलो होतो. माझ्या हातात तुटला. कंबरेतून, खांद्यातून. खिळे फळीतून सुटून आले. मी... मी त्याला मांडीवर घेऊन बसलो." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "वाटलं, बुधवारी नवा येईल, गुपचूप लावू. टेम्पो आलाच न्हाई. आमच्यात पूजलेली वस्तू मोडली तर टाकत न्हाईत, जाळत्यात न्हाई तर पुरत्यात. मी पुरला. मयताच्या रीतीनं."

"मयताच्या रीतीत अंघोळ असते, मास्तर."

ते पायरीवरची माती बोटानं उकरू लागले.

"कुणी घातली?"

मास्तरांनी मान वर करून गंगम्माच्या घराकडं बघितलं.  


कूस

घरात पाच माणसं. गंगम्मा, तारामती, फादर, मास्तर आणि हुस्ना. दार लोटलेलं. बाहेर भजन. उजेड अजून होता, पण लाल रेघ कोपराच्या वर गेली होती आणि गंगम्माच्या कपाळावर ताप चढत होता.

हुस्ना तिच्यापुढं जमिनीवर बसली.

"अव्वा, डोळे मिटा. मी कापूस लावते, कुठं लागला सांगा."

तिनं कापूस दंडाला लावला. "दंडाला," गंगम्मा म्हणाली. गालाला लावला. "गालाला." मग जखमेपासून जरा दूर, तळव्याच्या कडेला. गंगम्मा वाट बघत राहिली. बोटांना लावला. मग कापूस ठेवून हुस्नानं पेनाचं टोक दाबलं.

"लावा की," गंगम्मा म्हणाली. "थांबला कामून?"

तारामतीनं तोंडावर हात ठेवला.

"अव्वा," हुस्ना म्हणाली, "तुमच्या ओच्यात काय हाय?"

 गंगम्मानं ओचा सोडला. चोरी पकडली गेल्यासारखा नाही, झोपलेलं लेकरू दाखवावं तसा.

दोन लाकडी हात. दहा वर्षांच्या पोराचे असावेत एवढे. मनगटापाशी भुसा झालेले, पण बोटं साबूत. धुऊन पुसून लखलखीत केलेले. प्रत्येक तळव्यात लोहारी खिळ्याचं चपटं डोकं, आणि मागच्या बाजूनं, जिथून तो कधीकाळी फळीत शिरला होता, तिथून बाहेर आलेलं गंजकं टोक.

फादरांनी नकळत क्रूसाची खूण केली.

"मास्तरनं सगळा माझ्याकडं आणला," गंगम्मा म्हणाली. "मी पाणी तापवलं. अंघोळ घातली. पाठ, पाय, कूस. धडप्यात बांधला. मास्तरनं खड्डा केला. सगळा पुरला. पर हात न्हाई पुरता आले, बाई. कुणीच कवा धरले न्हवते ते. सगळे पायाचा मुका घेत्यात. हात वरच ऱ्हायचे, लांब. मी म्हणलं, थोडे दिवस मी धरते. मग पुरते."

"कसे धरायच्या?"

"असे." हुस्नानं अडवायच्या आत तिनं एक हात उचलला. आजारी माणसाचा हात आपण खालून आधार देऊन घेतो तसा, त्याच्या पालथ्या हाताखाली आपला तळवा. आणि वरून दुसऱ्या हातानं थोपटलं.

गंजकं टोक तिच्या जखमेत गेलं. थेट, चौकोनात चौकोन, किल्ली कुलपात जावी तसं. तिचा चेहरा हललासुद्धा नाही.

 हुस्नानं अलगद ते सोडवलं आणि तिचा तळवा तिच्याच डोळ्यांपुढं धरला. ताजं रक्त.

"शुक्रवारी कापड निघालं," हुस्ना म्हणाली, "तेव्हा तुम्ही पदराखाली हे दोन्ही हात घट्ट आवळले. व्हय ना?"

गंगम्मा रक्ताकडं बघत होती. "टोचलं असतं तर मला कळलं नसतं का?"

"न्हाई. तुमच्या हातांतली जाण गेलीय, अव्वा. दिवाळीच्या आधीच. म्हणून भगुणं पोळत न्हाई." हुस्ना थांबली. पुढचा शब्द ह्या मुलखात माणसाला गावाबाहेर काढतो हे तिला माहीत होतं. तरी ती तो स्पष्ट बोलली, कारण अर्धा शब्द जास्त घाबरवतो. "कुष्ठ हाय. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. चालू केल्या की दुसऱ्याला लागायची भीती न्हाई, आन् पूर्ण बरं होतं. पण आधी ही सुई."

तारामती एक पाऊल मागं सरली. मग तिला स्वतःच्या पावलाची लाज वाटली असावी. ती पुढं आली आणि सासूच्या पाठीशी टेकून बसली.

गंगम्मा खाली बघत होती. हुस्नाला वाटलं, आता ही मोडणार. दोन दिवस जगानं हिच्यापुढं हात जोडले आणि आपण एका कापसाच्या बोळ्यानं ते सगळं काढून घेतलं. विष उतरवायला आलो आणि जगण्याचं कारणच उतरवलं.

"म्हंजे हे आभाळातून आलं न्हाई," गंगम्मा म्हणाली.

"न्हाई, अव्वा."

"ह्या खिळ्यानं केलं."

"हाव."

"ह्यो खिळा कुणाच्या हातातला?"

हुस्ना उत्तर द्यायला गेली आणि तिला उत्तर देता येईना. कारण उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. त्याच्या तळव्यातून आरपार आलेला, त्याचाच खिळा, त्याचा हात धरणारीच्या तळव्यात. वाडी दोन दिवस हेच तर म्हणत होती.

मास्तर सिद्रामप्पांनी जमिनीला कपाळ टेकवलं. फादर भिंतीला धरून उभे राहिले. हुस्नाच्या अंगावरचा काटा, जो सकाळपासून बसायला बघत होता, पुन्हा उभा राहिला, आणि ह्या वेळी तिनं तो बसवायचा प्रयत्न केला नाही.

"मग बरोबर हाय की," गंगम्मा म्हणाली. "आन् कुष्ठाचं म्हणाल, तर तसल्यांना हात लावायला तो सोताहून जायचा. फादर, सांगत होते न्हवं का तुम्ही?"

"हो," फादर म्हणाले.  "हो, अव्वा."

"अव्वा, सुई," हुस्ना म्हणाली. "तो तुमच्या हातात आला तरी रेघ थांबून ऱ्हायली न्हाई."

गंगम्मानं ते लाकडी हात मांडीवर ठेवले. मनगटाच्या भुशावरून बोट फिरवलं. ते बोट भुशात रुतलं, तिला कळलं नाही, पण दिसलं.

"ह्याला वाळवी लागली होती," ती म्हणाली. "मास्तर सांगून सांगून थकला, औषध करा. कुणी केलं न्हाई. म्हणून तुटला." तिनं डावी बाही वर सरकवली. "लाकडाला न्हाई केलं. मला करा."


जिथं जखम नाही

पुनरुत्थानाच्या रविवारी फादरांनी देवळात सगळं सांगितलं. आजाराचं नाव सोडून सगळं, वाळवीसुद्धा, आणि ती आपल्या दुर्लक्षामुळं लागली हेही. एक्सल तुटल्याचं ऐकून लोक हसले. खिळ्याचं ऐकून गप्प झाले. मिस्सा संपल्यावर तो शुक्रवारचा म्हातारा फादरांपुढं उभा राहिला.

"म्हंजे त्याचा खिळा अव्वाच्या हातात गेला."

"हो, पण—"

"मग आम्ही दुसरं काय म्हणत होतो?"

नवा येशू गुलाबी गालांनी क्रूसावर चढला. लाकडी हात पुरले नाहीत. मास्तरांनी त्यांना वाळवीचं औषध पाजलं, जवसाचं तेल पाजलं, आणि ते वेदीपाशी खालच्या अंगाला ठेवले, कुणालाही धरता येतील असे. खिळ्यांच्या टोकांवर मात्र शिवप्रसादनं आणलेली लाकडी टोपणं बसवली.

पोळ्याच्या सुमाराला गंगम्मा गोळ्यांच्या पाकिटांसह मुखेडला आली. जिना चढताना खालून लालमहंमदांनी आवाज दिला, "अव्वा, बांगड्या भरा की एकदा!"

"माझ्या हाताला काय कळणार बांगडी भरलेली?" ती हसत म्हणाली.

तळव्यातले खड्डे भरून आले होते. दोन फिकट चौकोन राहिले होते. हुस्नानं सवयीनं कापूस घेतला.

"मिटा डोळे."

दंड. "दंड." गाल. "गाल." बोटं. काही नाही. तळव्याची कड. काही नाही. हुस्ना कापूस ठेवणारच होती. का कोण जाणे, जाता जाता तिनं तो उजव्या तळव्याच्या मधोमध, त्या फिकट चौकोनावर टेकवला. फुंकरीएवढा.

गंगम्माचा हात झटक्यात मागं गेला.



"परत," हुस्ना म्हणाली. 

बोटं, काही नाही. कड, काही नाही. चौकोन.

"कुणीतरी हात धरलाय," गंगम्मा डोळे मिटूनच म्हणाली.

औषधानं जाण परत येऊ शकते. वेळेवर सुरू केलं तर काहींची येते, हुस्नानं ते पुस्तकात वाचलं होतं. पण ती आधी तिथंच का यावी, त्याच चौकोनापुरती, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिनं कापूस बाजूला ठेवला. मग आपला तळवा पालथ्या हाताखाली घालून, खालून आधार देऊन, तिनं गंगम्माचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. खाली बांगड्या किणकिणत होत्या.